तख्त, तुरुंग आणि तालीम : अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याची कहाणी



पुण्यात राहणाऱ्या माणसाला जुन्या वास्तूंचे फारसे अप्रूप वाटत नाही. रोज ज्यांच्या भिंतीला लागून आपण जातो, त्यांच्याकडे मान वर करून पाहण्याची आपणांस सवड नसते. आपल्या नारायण पेठेचेच पाहा. ज्याला सगळे केसरीवाडा म्हणून ओळखतात, तो मूळचा बडोद्याच्या गायकवाडांचा वाडा. लोकमान्य टिळकांनी तो १९०५ मध्ये विकत घेतला आणि संस्थानिकांच्या वाड्यातून वर्तमानपत्र निघू लागले. तेथून चालत थोड्याच वेळात आपण शनिवारवाड्यापाशी पोहोचतो. १७३२ मध्ये पहिल्या बाजीरावाने तेथे वास्तुशांत केली, १८१७ मध्ये त्यावर इंग्रजांचे निशाण लागले आणि १८२८ च्या आगीत आतील महाल जळून गेले. नदीपलीकडचा आगाखान पॅलेस तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये, दुष्काळाने गांजलेल्या लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून बांधवला. पन्नास वर्षांनी त्याच महालात सरकारने महात्मा गांधींना कैदेत ठेवले. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांनी तेथेच शेवटचा श्वास घेतला. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ती वास्तू राष्ट्राला अर्पण केली.

वास्तू तीच राहते; धनी बदलतो आणि उपयोगही बदलतो. याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण पाहायचे असेल, तर मात्र पुण्याबाहेर सुमारे १२० किलोमीटर जावे लागेल. ते म्हणजे अहमदनगरचा भुईकोट किल्ला. त्या शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ते जुन्या नावाने येते, म्हणून या लेखात जुन्या काळासाठी जुनेच नाव वापरले आहे.

हा किल्ला निवडण्याचे आणखी एक कारण आहे. आपली मुले शाळेतून घरी येतात आणि कधी कधी विचारतात, “अमुक राजा आपला होता की त्यांचा?” तमुक किल्ला कोणाचा, तमुक लढाई कोणी जिंकली, हेही विचारतात. प्रश्न निरागस असतो, परंतु त्याला दिलेले उत्तर मुलांच्या मनात आयुष्यभर राहते. आपण “आपला” म्हणालो तर पोकळ अभिमान शिकवतो. “सोड तो विषय” म्हणालो तर लाज शिकवतो. या किल्ल्याची हकीकत नीट सांगितली, तर दोन्ही टळते असे मला वाटते. म्हणून ती येथे थोडक्यात सांगतो.

किल्ला बांधणारे घराणे

गोष्ट सुरू होते पाथरीपासून. आजच्या परभणी जिल्ह्यातील या गावच्या एका ब्राह्मण घराण्यातील मुलगा विजयनगरच्या स्वारीत बहमनी सैन्याच्या हाती लागला. तो मुसलमान झाला, त्याचे नाव हसन ठेवण्यात आले, आणि बहमनी दरबारात शिकून तो पुढे निजामुल्मुल्क मलिक हसन बहरी म्हणून मुख्य वजीर झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद हा जुन्नरचा सुभेदार होता. बापाचा खून झाल्यावर त्याने बंड केले, २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि स्वतंत्र राज्य स्थापले. हीच निजामशाही. ज्या मैदानावर विजय मिळाला, तेथे त्याने बाग व महाल उठवला आणि जवळच १४९४ मध्ये अहमदनगर शहर वसवले.

आरंभी या जागेला मातीचा कोट होता. मलिक अहमदचा नातू हुसेन निजामशहा याने १५५९ च्या सुमारास दगडी कोटाचे काम हाती घेतले. डोंगरी किल्ल्याला डोंगराचा आधार असतो. भुईकोटाला तसा आधार नाही. सपाट जमिनीवर उभा असल्याने त्याची सगळी भिस्त तट, बुरूज आणि खंदक यांवर. या किल्ल्याचा आकार साधारण गोल असून परीघ सुमारे एक मैल आहे, तटाला बावीस बुरूज आहेत आणि भोवती रुंद खंदक आहे. घडीव दगडांचा हा तट साडेचारशे वर्षांनंतरही उभा आहे. याच शहरात १५४९ मध्ये रूमीखान नावाच्या कारागिराने ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ ओतली, जी आज विजापूरच्या बुरुजावर आहे.

आता या दरबाराकडे पाहा. वंशाचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मणाचा मुलगा. तोफा ओतणारा तुर्की मुलखातला. सरदारांत दख्खनी मुसलमान, इराणी, हबशी आणि मराठे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले हे निजामशाहीचेच सरदार. आपले पुणे आणि सुपे हे परगणे त्यांना याच दरबारातून जहागीर म्हणून मिळाले. मालोजींना मूल होत नव्हते, तेव्हा अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला नवस केला आणि मुलगे झाल्यावर त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते. “आपला की त्यांचा” हा प्रश्न त्या काळच्या माणसाला विचारला असता, तर त्याला तो समजलाही नसता. त्याची निष्ठा दरबाराशी होती, घराण्याशी होती आणि पुष्कळदा केवळ स्वतःच्या जहागिरीशी होती.

चांदबीबीचा किल्ला

चांदबीबी ही हुसेन निजामशहाची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचा विवाह झाला. १५८० मध्ये तो मारला गेल्यावर अल्पवयीन वारसाच्या वतीने तिने विजापूरचा कारभार पाहिला आणि दरबारी कटांमुळे कैदही सोसली. तिला अनेक भाषा येत होत्या, ती सतार वाजवीत असे, असे सांगतात. पुढे ती माहेरी परतली.

माहेरी काय स्थिती होती? १५९५ मध्ये गादीसाठी सरदारांचे चार तट पडले होते. त्यांपैकी मियाँ मंजू याने प्रतिपक्षाला नमवण्यासाठी अकबराचा मुलगा शहजादा मुराद यालाच मदतीला बोलावले. मोगल फौज यायला निघाल्यावर त्याला पश्चात्ताप झाला, पण वेळ निघून गेली होती. घरच्या भांडणात शेजाऱ्याला पंच नेमले की पंच घरच ताब्यात घेतो, हे आपल्या समाजाने किती वेळा अनुभवले आहे!

डिसेंबर १५९५ मध्ये मुराद आणि खानखानान यांनी किल्ल्याला वेढा दिला. तटाखाली सुरुंग खणण्यात आले. मोगल छावणीतल्याच एका माणसाने रात्री येऊन त्याची खबर आत पोहोचवली. त्यावरून आतल्यांनी काही सुरुंग शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. त्या क्षणी रक्षकांचा धीर सुटला होता. तेव्हा चांदबीबी तोंडावर नकाब आणि हातात नंगी तलवार घेऊन खिंडारात येऊन उभी राहिली. तिला पाहून पळणारे परतले. दिवसभर लढाई झाली आणि रात्रीतून खिंडार बुजवले गेले. गोळे संपल्यावर तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफांत घालून उडवली, अशी दंतकथा आहे. तिची खरीखोटी ठरवण्याची गरज नाही; लोकांनी तिला कसे लक्षात ठेवले, हे त्यावरून कळते. १५९६ च्या सुरुवातीस तह झाला. वऱ्हाड द्यावे लागले, पण किल्ला आणि राज्य वाचले.

हे यश चारच वर्षे टिकले. १६०० मध्ये शहजादा दानियालची फौज आली. आपला बचाव होणे कठीण आहे हे ओळखून चांदबीबीने अल्पवयीन बहादूर निजामशहा, म्हणजे आपल्या भावाचा नातू, याच्या सुरक्षिततेच्या अटीवर तह करावा असा विचार केला. किल्ल्यात ओरड झाली की ती शत्रूला मिळाली, आणि तिच्याच सैनिकांनी महालात शिरून तिला ठार केले. त्यानंतर ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला मोगलांच्या हाती पडला.

विद्यार्थी मित्रांनो, या लढाईत दोन्ही बाजूंचे बादशहा मुसलमान होते, हे ध्यानात घ्या. चांदबीबीला बाहेरच्या शत्रूने मारले नाही. अफवेवर विश्वास ठेवणाऱ्या तिच्याच माणसांनी मारले. आणि हेही ध्यानात घ्या, की सुरुंग उडाला तेव्हा सगळ्या सरदारांत जिला काय करावे हे सुचले, ती शिकलेली, राज्यकारभार पाहिलेली स्त्री होती. मुलीला शिकवून काय करायचे, असे अजूनही कोठे विचारले जात असेल, तर हे त्याचे उत्तर आहे.

जाता जाता एक सांगतो. नगरला डोंगरावर एक भव्य तीनमजली वास्तू दिसते. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. लोकांच्या तोंडी असलेले नाव आणि इतिहास यांत अंतर पडते ते असे. म्हणून ऐकीव गोष्ट पडताळून पाहण्याची सवय विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

तलवार, थैली आणि तह

पुढची दोनशे वर्षे किल्ला हातोहात फिरत राहिला. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेल्या मलिक अंबरने १६१० च्या सुमारास तो मोगलांकडून परत घेतला. काही वर्षांत तो पुन्हा गेला. १६३६ मध्ये निजामशाहीच संपली. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी अहमदनगरच्या पेठेवर छापा घातला, त्या वेळी किल्ल्यात मोगल ठाणे होते. दख्खन जिंकण्यात पंचवीस वर्षे घालवलेला औरंगजेब १७०६ मध्ये थकून याच शहरापाशी येऊन राहिला आणि ३ मार्च १७०७ रोजी भिंगारजवळच्या छावणीत मरण पावला. ज्या परिसरात एका राज्याचा पाया घातला गेला, त्याच परिसरात एका साम्राज्याची उतरण सुरू झाली.

मोगलांनंतर किल्ला हैदराबादच्या निजामाकडे आला. १७५९ मध्ये त्याचा किल्लेदार कवीजंग याने पैसे घेऊन तो पेशव्यांच्या स्वाधीन केला. सुरुंगांना जो तट दाद देत नव्हता, तो पैशाच्या थैलीने उघडला. पेशव्यांकडून तो १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांकडे गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे एक मोठा कैदी आला : पुणे दरबाराचे कारभारी नाना फडणवीस. ज्या कारभाऱ्याच्या शब्दावर पुण्याचे राज्य चालत असे, त्याला शिंद्यांनी पुण्यात पकडून या किल्ल्यात ठेवले आणि १७९८ मध्ये भली मोठी रक्कम घेऊन सोडले. हिंदू सरदाराने हिंदू मुत्सद्द्याला मुसलमान राजाने बांधलेल्या किल्ल्यात डांबले. आता सांगा, हा किल्ला कोणाचा?

८ ऑगस्ट १८०३ रोजी जनरल वेलस्लीने शिड्या लावून शहराची पेठ घेतली, आणि १२ ऑगस्टला किल्लाही त्याच्या हाती आला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले. मधल्या काळात किल्ला पेशव्यांकडे परत गेला, पण १८१७ च्या तहाने तो कायमचा इंग्रजांकडे आला. त्यांनी तेथे दारूगोळा साठवला, गोऱ्या शिपायांच्या बराकी बांधल्या आणि हळूहळू त्याचा तुरुंगासारखा उपयोग सुरू केला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाचे कैदी अहमदनगरला आणले गेले, पहिल्या महायुद्धात जर्मन आणले गेले. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेला तट आता माणसांना आत ठेवण्यासाठी वापरला जाऊ लागला.

बारा कैदी

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे ‘छोडो भारत’ ठरावानंतर मुंबईत धरपकड झाली. खास रेल्वेगाडीने नेत्यांना हलवण्यात आले. गांधीजींना पुण्याजवळ उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेले. काँग्रेस कार्यकारिणीचे नेते पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात पोहोचले. तेथे एकूण बारा जण होते : काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव.

सुरुवातीस वर्तमानपत्र नाही, पत्रव्यवहार नाही, बाहेर काय चालले आहे याची खबर नाही. किती दिवस राहावे लागेल हेही ठाऊक नाही. अशा वेळी माणूस काय करतो? हे बारा जण वाचू आणि लिहू लागले.

नेहरूंनी अंगणात बाग केली. माती खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागत. त्यातून त्यांच्या मनात चांदबीबी आणि गतकाळ जागा होई. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहून काढला. तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहिला. नरेंद्र देवांनी ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध ग्रंथाच्या हिंदी अनुवादाचे काम केले. एकाच बराकीतून इंग्रजी, हिंदी, ओडिया आणि उर्दू अशा चार भाषांतील पुस्तके बाहेर आली.

उर्दू पुस्तक मौलाना आझादांचे. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठून ते स्वतःच्या हाताने चिनी चहा करीत आणि आपले मित्र नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्र लिहीत. पत्र पाठवण्याची सोय नव्हती. ती लिहून बाजूला ठेवली जात. पुढे १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली आणि उर्दू गद्यात मानाचे स्थान पावली. त्यांत ईश्वराविषयीचे चिंतन आहे, संगीत आहे, चहा आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांची गोष्ट आहे आणि या किल्ल्याचा इतिहासही आहे. तुरुंगाच्या इंग्रज सुपरिंटेंडेंटला मौलानांनी गमतीने ‘चीता खान’ हे टोपणनाव दिले होते. चांदबीबीच्या काळात याच किल्ल्यात त्या नावाचा एक हबशी किल्लेदार होता. ज्याला इतिहास येतो, त्याला कैदेतही हसू येते.

पण एक पत्र हसण्याचे नाही. १९४३ च्या वसंतात कलकत्त्याला मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम अत्यवस्थ असल्याच्या तारा येऊ लागल्या. सरकारला काही विनंती करायची असेल तर ती लगेच पोहोचवू, असे सुपरिंटेंडेंटने सुचवले. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी आपण लढतो आहोत त्याच्याकडे स्वतःसाठी सवलत मागायची नाही, हा त्यांचा निश्चय होता. ९ एप्रिलला जुलेखा बेगम गेल्या. नेहमीची दिनचर्या त्यांनी त्या दिवसांतही मोडली नाही. आत काय चालले होते ते त्यांनी पत्रात लिहून ठेवले. वाचणाऱ्याचे डोळे आजही ओलावतात.

१९४५ च्या मार्च-एप्रिलमध्ये या कैद्यांना निरनिराळ्या तुरुंगांत हलवण्यात आले आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये सुटका झाली. दोन वर्षांनी देश स्वतंत्र झाला. किल्ल्यात चिमण्यांची गोष्ट लिहिणारे मौलाना भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९५१ मध्ये खरगपूरला पहिली आय. आय. टी. सुरू झाली आणि १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कामास आरंभ केला. त्यांचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.

मग किल्ला कोणाचा?

आज किल्ला भारतीय लष्कराच्या ताब्यात आहे. नेत्यांना ठेवले होते त्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. पालकहो, तेथील प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्या आणि सुट्टीत एक दिवस मुलांना घेऊन जा. जाण्यापूर्वी ही हकीकत त्यांना सांगा.

मग मुलाने विचारले की हा किल्ला आपला की त्यांचा, तर त्याला सांगा : पाथरीच्या ब्राह्मणाच्या वंशजांनी तो बांधला, चांदबीबीने राखला, तिच्याच माणसांनी घालवला, मोगलांनी वेढून घेतला, मलिक अंबरने सोडवला, एका किल्लेदाराने विकला, पेशव्यांनी विकत घेतला, शिंद्यांनी त्यात नानांना कोंडले, इंग्रजांनी त्यात दारूगोळा ठेवला. यांपैकी एकाचीही मालकी राहिली नाही. नावे राहिली ती खिंडारात उभ्या राहिलेल्या बाईची आणि बराकीत लिहीत बसलेल्या माणसांची. तो वारसा आपला आहे, आणि शेजारच्या घरातील मुलाचाही तितकाच आहे. तो जन्माने आपोआप मिळत नाही. त्यासाठी अभ्यास करावा लागतो.

आपली शिक्षणसंस्था इमारती बांधते, वर्ग वाढवते, ग्रंथालयात पुस्तके आणते. हे सर्व हवेच. परंतु पुस्तक नसताना, प्रकाश अपुरा असताना आणि मन दुःखाने भरलेले असतानाही ज्यांनी रोजचा अभ्यास सोडला नाही, अशी माणसे आपल्याच महाराष्ट्रातील एका किल्ल्यात राहून गेली आहेत. विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेच्या दिवसांत घर लहान आहे, जागा मिळत नाही, गल्लीत गोंगाट आहे, अशी तक्रार मनात येईल. ती खरीही असेल. तेव्हा पहाटे उठा, चहा करून घ्या आणि लिहायला बसा.